केप्रो बसवलेला डोळा: फॉलोअपला काय बघायचं आणि घाई कशाची करायची

प्रश्न थोडक्यात असा: रुग्ण ५८ वर्षांचे. दोन कॉर्निया ग्राफ्ट (दात्याच्या कॉर्नियाचं रोपण) फेल झाल्यावर ७ महिन्यांपूर्वी दुसऱ्या केंद्रात बॉस्टन टाइप १ केप्रो (केराटोप्रोस्थेसिस, म्हणजे कृत्रिम कॉर्निया) बसवला. ग्लॉकोमा आधीपासून आहे, दोन ड्रॉप्स चालू आहेत. दुसऱ्या महिन्यात ६/१८ दिसत होतं, आता ६/३६, म्हणजे आणखी कमी. डोळा पांढरा, दुखत नाही. स्टेमच्या (केप्रोच्या मधल्या पारदर्शक दांड्याच्या) मागे करडी मेम्ब्रेन (जाळी) दिसते. बॅन्डेज लेन्स (वरून झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स) ४ दिवसांपूर्वी पडली, परत घातलेली नाही. मेम्ब्रेन फोडायला याग लेझर लगेच करावं का, आणि टॉनोमीटर (प्रेशर मोजायचं यंत्र) चालत नाही तर डोळ्यातलं प्रेशर कसं बघायचं?

उत्तर: याग करता येईल, पण आज नको. तुमच्या प्रश्नात शेवटी आलेली पडलेली लेन्स सगळ्यात आधी हाताळा. मेम्ब्रेनला आठवडाभर थांबवता येतं, उघड्या पडलेल्या ग्राफ्टला थांबवता येत नाही.

कारण रचनेत आहे. केप्रो टिचबटणासारखा असतो. पुढे पीएमएमएची (कडक पारदर्शक प्लास्टिकची) प्लेट आणि तिचाच स्टेम, मागे भोकं असलेली बॅक प्लेट, आणि दोन्हींच्या मध्ये मधोमध ३ मिमीचं भोक पाडलेला दात्याचा कॉर्निया. डोळ्याला टाके लागतात ते या कॉर्नियाला, प्लास्टिकला नाही. प्लास्टिक आणि ऊती एकमेकांना खऱ्या अर्थाने कधीच चिकटत नाहीत. म्हणून स्टेमभोवतीची अर्धा-एक मिमीची कड हा या डोळ्याचा कायमचा कच्चा दुवा. ती कड ओली आणि एपिथेलियमने (कॉर्नियावरच्या पेशींच्या थराने) झाकलेली राहिली तर डोळा वर्षानुवर्षं टिकतो. ती वाळली तर एपिथेलियम जातं, उघड्या स्ट्रोमावर (त्याखालच्या जाड थरावर) कोलॅजन विरघळवणारी एन्झाइम्स काम सुरू करतात, ऊती स्टेमपासून मागे सरकते, फट पडते. त्याच फटीतून आतलं पाणी बाहेर येतं आणि बाहेरचे जंतू आत जातात. आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं, कारण वारंवार ग्राफ्ट झालेल्या कॉर्नियाला संवेदना जवळपास नसतेच. पांढरा, न दुखणारा डोळा बघून निर्धास्त होण्याची सवय केप्रोच्या रुग्णापुरती बाजूला ठेवावी लागते.

आजच्या तपासणीचा क्रम सांगतो, कारण इथे क्रम चुकला तर नुकसान होतं. आधी दृष्टी नोंदवा. मग स्लिट लॅम्पवर कडेभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे पूर्ण फेरी मारा. बारीक प्रकाशरेषा टाकून ग्राफ्टची जाडी बघा, पुढच्या प्लेटच्या कडेखाली काळी फट किंवा हवेचा बुडबुडा दिसतो का बघा, पांढरा ठिपका आहे का बघा. त्यानंतर फ्लुओरेसिन (हिरवा चमकणारा रंग). मऊ लेन्स फ्लुओरेसिन शोषून घेते, त्यामुळे हे काम नेहमी लेन्स काढल्यावर आणि नवी घालण्याआधीच उरकायचं. निळ्या प्रकाशात कडेपाशी हिरव्या थरात गडद ओघळ दिसला, म्हणजे सायडेल (गळतीची चाचणी) पॉझिटिव्ह आला, तर तिथेच थांबा. बोटाने प्रेशर बघू नका, डोळ्यावर काहीही दाबू नका. कडक शील्ड लावा आणि रुग्णाला त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात पाठवा. ओघळ नसेल तरच पुढे जा. जवळपास अँटिरियर सेगमेंट ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचे थर दाखवणारं स्कॅन) असेल तर आजचं एक चित्र जरूर काढून ठेवा. प्लेटच्या खालची फट आणि ग्राफ्टचं पातळ होणं स्लिट लॅम्पवर कळण्याच्या बरंच आधी त्यात दिसतं, आणि पुढच्या वेळी तुलनेला आधार मिळतो.

लेन्स घालताना ५% पोव्हिडोन आयोडीनचे एक-दोन थेंब टाका, दोन-तीन मिनिटं थांबा, सलाइनने नीट धुऊन काढा. आयोडीन लेन्सखाली अडकलं तर एपिथेलियमला त्रास होतो. केप्रोला साधारण १६ मिमी व्यासाची, ९.८ बेस कर्व्हची मऊ लेन्स वापरतात. नेहमीची १४ मिमीची बॅन्डेज लेन्स पुढच्या प्लेटच्या उंचवट्यावर डगमगते आणि निघून जाते. लेन्स बसवल्यावर १५ मिनिटं थांबून पुन्हा बघा. कड उचललेली दिसली तर जास्त स्टीप लेन्स हवी, कड कंजंक्टायव्हात (पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात) रुतून तिथल्या रक्तवाहिन्या दबल्या असतील तर फ्लॅट. लेन्सखाली मोठा बुडबुडा राहिला तर त्याखालची जागा कोरडीच राहणार, म्हणून तो काढल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. लेन्स दिवसरात्र राहते, साधारण महिन्याने ते तीन महिन्यांनी बदलतात, साका जास्त धरत असेल तर त्याआधी.

चौथ्या दिवसापर्यंत लेन्स का घातली गेली नाही, हेही विचारा. बहुतेकदा उत्तर एवढंच असतं की डोळा दुखत नव्हता. घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा की लेन्स पडली तर २४ तासांत नवी बसली पाहिजे. तोवर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं लुब्रिकंट तासातासाला, झोपताना मलम आणि शील्ड. खाली पडलेली लेन्स नळाच्या पाण्याने धुऊन परत घालायची नाही, कधीच. रुग्णाकडे त्याच मापाच्या दोन सीलबंद लेन्स कायम असाव्यात, म्हणजे प्रवासात असतानाही जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडून ती घालून घेता येते.

लेन्स वरचेवर पडत असेल तर लेन्सला दोष देण्याआधी पापण्या बघा. खालची पापणी बाहेर वळलेली, फॉर्निक्स (पापणीमागची खोबण) आखूड, मिटल्यावर फट राहते, उघडझाप अपुरी: यांपैकी काहीतरी सापडतं. अशा वेळी बाहेरच्या कोपऱ्यात छोटी टार्सोऱ्हाफी (पापण्या थोड्या शिवून जोडणं) केली की डोळा थोडा लहान दिसतो, पण लेन्सही टिकते आणि ग्राफ्टही. रुग्ण दिसण्यासाठी नाखूश असतात. त्यांना शांतपणे वेळ देऊन समजवावं.

फ्लुओरेसिनने कडेपाशी एपिथेलियम गेलेलं दिसलं, पण गळती नाही आणि पांढरा ठिपका नाही, तर मेल्टची (ग्राफ्ट विरघळण्याची) सुरुवात समजूनच वागा. लुब्रिकंट तासातासाला, सगळे ड्रॉप्स शक्य तितके प्रिझर्व्हेटिव्हविना. डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, भरपूर पाण्याबरोबर आणि घेतल्यावर लगेच आडवं न होता. हे अँटिबायोटिक म्हणून दिलेलं नसतं, कोलॅजन खाणारी एन्झाइम्स ते रोखतं. तोंडाने व्हिटॅमिन सी, मूतखड्याचा इतिहास नसेल तर. कुणी डायक्लोफिनॅक किंवा तसला दाहशामक ड्रॉप चालू केला असेल तर तो आजच बंद, कारण त्यानेच ग्राफ्ट विरघळू शकतो. स्टिरॉइड शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांशी बोलून कमी करा, एकदम तोडू नका. काही केंद्रं १% मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे ड्रॉप्स बनवून देतात, कारण त्याने दाह थोडा आवरतो आणि मेल्टला प्रेडनिसोलोनइतकी चालना मिळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी बघा. जखम आठवड्यात बुजत नसेल किंवा जाडी घटत असेल तर पाठवून द्या. पुढे गोंद, लॅमेलर पॅच (पातळ थराचं ठिगळ) किंवा संपूर्ण केप्रो बदलणं हे पर्याय त्यांच्या हातातले. सायनोअॅक्रिलेटचा गोंद हा तात्पुरता उपाय आहे, त्यावर आठवडे काढायचे नाहीत.

मूळ आजार काय होता यावर धोका फार बदलतो. साधे ग्राफ्ट फेल झालेले तुमचे रुग्ण त्या मानाने बऱ्या गटात आहेत. रासायनिक भाजणं मधल्या गटात. स्टीव्हन्स-जॉन्सन आणि पेम्फिगॉइड या व्रण पाडणाऱ्या आजारांच्या डोळ्यांत अश्रू नाहीत, पापण्यांना व्रण आणि दाह सतत, म्हणून तिथे मेल्ट आणि संसर्ग दोन्ही जास्त. त्यांच्या भेटी दुप्पट जवळ ठेवाव्या लागतात.

आता प्रेशर. गोल्डमन, नॉन-कॉन्टॅक्ट, आयकेअर, काहीही प्लास्टिकवर चालत नाही. आलेला आकडा निरर्थक असतो, तो पानावर लिहूसुद्धा नका, पुढचा डॉक्टर त्यावर विश्वास ठेवेल. बोटाने बघायचं, आणि त्याची पद्धत नीट हवी. रुग्णाला डोळे मिटायला सांगू नका. मिटले की डोळा वर फिरतो आणि केप्रोच बोटाखाली येतो. खाली बघायला सांगा. दोन्ही तर्जन्यांची टोकं वरच्या पापणीवर, टार्सल प्लेटच्या (पापणीतल्या कडक पट्टीच्या) वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे खाली स्क्लेरा (डोळ्याचा पांढरा भाग) लागतो. एका बोटाने अगदी हलकं दाबा, दुसऱ्या बोटाला दाब पोचतो का ते बघा. मग दुसऱ्या डोळ्याशी तुलना करा. मऊ, ठीक, कडक एवढ्या तीनच नोंदी प्रामाणिक आहेत. ‘अंदाजे १८’ असं लिहिण्याला काही अर्थ नाही. प्रत्येक भेटीला शक्यतो एकाच व्यक्तीने बघावं.

पण बोटावर सगळी भिस्त नको. बोटाला ठीक लागणाऱ्या डोळ्यातही ग्लॉकोमा पुढे सरकतो, आणि केप्रोनंतर दृष्टी कायमची जाण्याचं एक मोठं कारण तेच आहे. म्हणून खरा निकाल डिस्क (डोळ्याच्या नसेचं टोक) आणि फील्ड (बघण्याच्या आवाक्याची चाचणी) यांवर. स्टेममधून डिस्कचा फोटो काढता येतो, डिस्कचा ओसीटी बहुतेकदा मिळतो, आणि ऑटोमेटेड फील्डही करता येतं, फक्त स्टेममुळे कडेचा भाग आधीच आखडलेला असतो, हे वाचताना लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या-दुसऱ्या महिन्यातला फोटो आणि फील्ड त्या केंद्राकडून मागवा. तुलनेला तो नसेल तर आजचा काढा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा.

ड्रॉप्स केप्रोनंतरही काम करतात. प्लास्टिकमधून काही जात नाही, पण कंजंक्टायव्हा आणि स्क्लेरातून औषध आत पोचतं. टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड ही चांगली सुरुवात. डोळा कडक लागत असेल तर अॅसिटाझोलामाइड २५० मिग्रॅ, गरजेप्रमाणे दिवसातून चारदा, पण आधी सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंड आणि पोटॅशियम बघून. त्याने न भागल्यास ट्यूब शंट (पाणी बाहेर काढणारी नळी) किंवा डायोड लेझर (आतलं पाणी तयार होणं कमी करणारं). आधीच ट्यूब असेल तर प्रत्येक वेळी लेन्स बाजूला करून ट्यूबवरची कंजंक्टायव्हा बघा. मोठ्या लेन्सची कड तिथेच घासते, आणि एक दिवस खाली पांढरी नळी उघडी दिसते. उघडी नळी म्हणजे जंतूंना सरळ रस्ता, त्याला तातडीचं मानायचं. उलट डोळा मऊ लागला तर गळती पुन्हा शोधा आणि बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीत) कोरॉइड (रेटिनामागचा रक्तवाहिन्यांचा थर) सुटलाय का बघा.

मग मेम्ब्रेनकडे या. केप्रोनंतरची ही सगळ्यात नेहमीची गुंतागुंत. एक गोष्ट बोलण्यातली: रुग्णाला ‘मागे पडदा आलाय’ असं सांगू नका. आपल्याकडे पडदा म्हणजे रेटिना, आणि त्यांना वाटतं पडदा सरकला. ‘स्टेमच्या मागे जाळी धरलीय’ म्हणा.

६/१८ चे ६/३६ झाले ते जाळीमुळेच, असं गृहीत धरू नका. स्टेममधून मॅक्युला (रेटिनाचा मधला भाग) आणि डिस्क दिसत असतील तर बघून घ्या, ओसीटीवर मॅक्युलाची सूज शोधा, व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या आतल्या जेलमध्ये) पेशी आहेत का बघा. आतलं काही दिसत नसेल तर बी-स्कॅन, पापणीवरून आणि बाजूने, कारण सरळ समोरून केल्यास पीएमएमएचे प्रतिध्वनी चित्र झाकतात. रेटिना जागेवर आहे याची खात्री झाल्याशिवाय याग नको.

पातळ, करडी, रक्तवाहिन्या नसलेली जाळी यागने सुटते, आणि लवकर केलेलं लेझर सोपं जातं, कारण जुनी जाळी चामड्यासारखी होते. उर्जा कमीत कमीपासून, १ मिलिज्यूलच्या आसपास सुरू करा, फोकस जाळीच्या किंचित मागे. २ मिलिज्यूलच्या वर जायची इच्छा होते तिथेच थांबा. स्टेमच्या मागच्या पृष्ठभागावर खड्डा किंवा तडा पडला तर तो कायमचा दृष्टीच्या मधोमध राहतो, आणि केप्रो बदलल्याशिवाय जात नाही. बॅन्डेज लेन्स डोळ्यात असू द्या. पूर्ण साफ करायची गरज नाही, मधला ३ मिमीच्या आतला भाग मोकळा झाला की पुरे. लेझरनंतर प्रेशर चढू शकतं आणि ते तुम्हाला मोजता येणार नाही, म्हणून ग्लॉकोमाच्या या रुग्णाला आधीच ब्रिमोनिडीन आणि, हरकत नसेल तर, दोन दिवस अॅसिटाझोलामाइड द्या. स्टिरॉइड आठवडाभर थोडं वाढवा, मात्र ग्राफ्टची कड शाबूत असेल तरच.

जाळीत लाल रेघा दिसल्या तर याग करू नका, रक्त येतं. दोन वेळा लेझर करूनही भोक पडलं नाही तर तिसऱ्यांदा उर्जा वाढवण्याऐवजी शस्त्रक्रियेने मेम्ब्रेन काढण्यासाठी पाठवा. जाड जाळीचा आणखी एक त्रास असा की ती बॅक प्लेटची भोकं बुजवते. ग्राफ्टला आतल्या पाण्यातून मिळणारं पोषण त्या भोकांतूनच येतं. ते थांबलं की ग्राफ्ट मागून उपाशी आणि पुढून कोरडा. म्हणजे जाड जाळी हा मेल्टचाही धोका आहे, आणि तिच्याकडे केवळ ‘दिसत नाही’ एवढ्यापुरतं बघून चालत नाही.

संसर्गाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे काही तासांचा प्रश्न असतो. केप्रोच्या रुग्णाला अँटिबायोटिक ड्रॉप आयुष्यभर लागतो. साधारण प्रथा अशी: सगळ्यांना मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखा ड्रॉप दिवसातून एक-दोनदा, आणि एकच डोळा असलेल्यांना किंवा स्टीव्हन्स-जॉन्सन, पेम्फिगॉइडच्या रुग्णांना त्याच्या जोडीला व्हँकोमायसिन १४ मिग्रॅ प्रति मिली. व्हँकोमायसिनचा ड्रॉप तयार मिळत नाही, फार्मसीत बनवावा लागतो, फ्रिजमध्ये ठेवावा लागतो आणि लवकर मुदत संपते. ‘बाटली संपली, पुढच्या वेळी आणतो’ असे खाडे इथेच सुरू होतात. म्हणून प्रत्येक भेटीत बाटल्या प्रत्यक्ष समोर ठेवायला सांगा, तारखा बघा, रुग्णालाच ड्रॉप टाकायला लावा. बाटलीचं टोक पापणीला टेकतंय का, थेंब गालावर जातोय का, हे दोन मिनिटांत कळतं.

एक सावधानता: कायम अँटिबायोटिक, कायम लेन्स आणि कायम स्टिरॉइड या तिन्हींनी बुरशीला जागा होते. लेन्सवर पांढरे कापसासारखे ठिपके, किंवा ग्राफ्टमध्ये पिसासारख्या कडेचा डाग दिसला तर लेन्स काढा आणि तीच कल्चरला पाठवा. डाग खरवडून केओएच आणि ग्रॅम (बुरशी आणि जंतू बघायच्या तपासण्या) करा, नाटामायसिन ५% तासातासाला सुरू करा, अॅम्फोटेरिसिन ०.१५% मिळत असेल तर कॅन्डिडासाठी तो जास्त उपयोगी. स्टिरॉइड त्या वेळी थांबवायचं.

अचानक दृष्टी घटली तर तोच दिवस, तोच तास. वेदना, लाली, पू असलं तर शंका राहतच नाही. अवघड असतं ते दुसरं चित्र: दृष्टी एकाएकी गेली, व्हिट्रियस पेशींनी भरलंय, पण डोळा जवळपास पांढरा आणि वेदना नाहीत. हे जंतूविरहित व्हिट्रायटिस असू शकतं, जे केप्रोमध्ये होतं आणि सब-टेनॉन (डोळ्याच्या आवरणाखाली दिलेल्या) ट्रायअॅमसिनोलोनने निवळतं. पण ते संसर्ग नाही हे डोळ्याकडे बघून ठरवता येत नाही. सिद्ध होईपर्यंत संसर्गच मानायचा: व्हिट्रियसचा नमुना घ्यायचा, आणि व्हिट्रियसमध्येच व्हँकोमायसिन १ मिग्रॅ ०.१ मिलीत व सेफ्टाझिडीम २.२५ मिग्रॅ ०.१ मिलीत, दोन वेगळ्या सिरिंजमधून. एकत्र केल्यास गाळ होतो. सुई लिंबसपासून (कॉर्निया आणि पांढऱ्या भागाच्या सीमेपासून) ३.५ मिमीवर, पण या डोळ्यांत लिंबस जागेवर नसतो, आधी बी-स्कॅन करून कोरॉइड सुटलेला नाही याची खात्री करा. सिलिकॉन तेल भरलेला डोळा असेल तर हा पूर्ण डोस देऊ नका, रेटिनाच्या तज्ज्ञाला फोन करून कमी करा. ही सोय तुमच्याकडे नसेल आणि केंद्र चार-पाच तासांवर असेल तर नुसतं पाठवण्याआधी त्यांच्याशी बोलून, शक्य असल्यास, पहिलं इंजेक्शन देऊन पाठवणं बरं.

रेटिना सुटण्याबद्दल फक्त एवढंच: एका बाजूने सावली, अचानक ठिपके, चमक यांची तक्रार आली की बी-स्कॅन त्याच भेटीत.

तुमच्या रुग्णापुरता कार्यक्रम असा राहील. आज सायडेल, कडेची फेरी, आयोडीन, लेन्स. गळती नसेल तर बोटाने प्रेशर, डिस्कचा फोटो, मॅक्युलाचा ओसीटी किंवा बी-स्कॅन. ४८ तासांनी कड पुन्हा बघा. आठवड्याने एपिथेलियम पूर्ण असेल, आतलं सगळं जागेवर असेल आणि जाळी पातळ असेल तर याग. त्यानंतर एक आठवडा, एक महिना, आणि पुढे दर एक ते तीन महिन्यांनी, कायम.

आजच शस्त्रक्रिया केंद्राला पत्र लिहा आणि या गोष्टी मागवा: बॅक प्लेट पीएमएमएची की टायटॅनियमची, किती मिमीची; स्टेम अफेकिक की स्यूडोफेकिक (भिंग नसलेल्या डोळ्यासाठीचा की कृत्रिम भिंग असलेल्या); डोळ्यात तेल किंवा ट्यूब आहे का; शेवटची लेन्स कोणत्या मापाची; सुरुवातीचा डिस्कचा फोटो आणि फील्ड; आणि रात्री-बेरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. तो नंबर रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा, एक प्रत त्यांच्या घरच्यांकडे.